अकराचा पंखा

चामटोली
२ जानेवारी २०२५

व्याहीबुवांना नमस्कार.

चालतं हो, चालतं. लिहिलेलं चालतं. तुम्ही भर मांडवात एकविरा आईची शपथ घेतलीत ती, "ह्या बाईशी जन्मात एक शब्द बोलणार नाही," अशी. लिहिणार नाही असं कुठे म्हणालात? मी समोरच उभी होते, माझ्या कानांनी ऐकलंय. तेव्हा हे पत्र हातात धरून देवीच्या फोटोकडे बघत बसू नका. आई रागावायची नाही. ती पण बाईच आहे, तिला कळतं.

आधी बॅनरचं बोलून घेते. लावला, मीच लावला. चामटोलीच्या नाक्यावर तुमचा एवढा मोठा फोटो, मिशीला हळद, तोंडात अख्खा पेढा, डोळे अर्धे मिटलेले, आणि खाली 'व्याहीबुवांचे हार्दिक स्वागत, शुभेच्छुक समस्त विहीण मंडळ'. आता आपल्या आगऱ्यांच्या हळदीत व्याह्याला हळद नाही फासायची तर काय अत्तर लावायचं? तो फोटो मोबाइलमधनं फिरत फिरत उल्हासनगरला तुमच्या कॅम्प पाचमध्ये पोचला आणि शेजारचा सिंधी कपडेवाला तुम्हाला 'हल्दी सेठ' म्हणायला लागला, ह्याला मी काय करू? नाव छान आहे. शोभतं.

आता कामाचं. माझ्या तेजलला सातवा लागला. पहिलं बाळंतपण आईकडे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण तुम्ही घरात म्हणालात म्हणे, "त्या बॅनरवालीच्या घरी माझी सून जाणार नाही." गोदूबाई तुमच्यापुढे तोंड उघडत नाहीत (माझ्याशी फोनवर तासभर उघडतात). विनीत बापासमोर मोबाइलमध्ये बघतो. आणि माझी पोरगी माझ्यावर गेलीय, म्हणते, "पप्पांनी (म्हणजे तुम्ही) स्वतः जा म्हटलं तरच येईन, नाहीतर नाही." एकुलती एक पोर आहे हो मला. पाळणा माळ्यावरनं उतरवून, पुसून ठेवलाय. रोज येताजाता त्याला पाय लागतो.

म्हणून पैज लावते. सव्वीस जानेवारीला वांगणीच्या जुन्या खदानीच्या तळ्यात बोटींची शर्यत आहे. तुमची बोट दरसाल असते, विनीत चालवतो. ह्या वर्षी आमच्या ह्यांची बोट मी उतरवतेय. चालवणार माझा भाचा अल्पेश, हाच, जो भाजीचा टेम्पो घेऊन रोज तुमच्या बाजारात येतो आणि आत्ता तुमच्यासमोर दात काढत उभा असेल.

माझी बोट तुमच्या पुढे आली, तर तुम्ही तुमच्या तोंडाने तेजलला "जा" म्हणायचं आणि स्वतः आणून सोडायचं. तुमची पुढे आली, तर तुमच्या दुकानासमोर माझ्या फोटोचा बॅनर. खाली 'चूक झाली, माफी असावी, सगुणाबाई'. फोटो तुम्ही निवडायचा. मी झोपेत तोंड उघडं टाकते, हवा तर तेजलकडनं तो मागा.

आणि हो, बोटीचे पंखे घडवणारा इथे तुमच्याशिवाय दुसरा कोणी नाही. तेव्हा मला एक पंखा पाहिजे. आमचे हे तेराचा वापरायचे. मला पंधराचा द्या, चांगला मोठा. म्हणजे बोट वाऱ्यासारखी जाईल. गिऱ्हाईक म्हणून मागतेय, विहीण म्हणून नाही.

तुमची,
समस्त विहीण मंडळ


उल्हासनगर, कॅम्प ५
४ जानेवारी, सकाळी

विहीणबाई,

पत्र मिळाले. लिहिण्याला हरकत नाही असं मी पण विचारून घेतलंय. कोणाला, ते सांगणार नाही.

पैज मंजूर. बॅनर दहा बाय वीसचा असेल. फोटो मिळालाय. तोंड उघडं आहे.

पंधराचा पंखा तयार आहे. गिऱ्हाईक मागेल तो माल द्यायचा, आपल्याला काय. अल्पेशकडे देतो. फिट करा आणि सव्वीसला भेटू. म्हणजे भेटू, बोलणार नाही.

आण्णा


उल्हासनगर, कॅम्प ५
४ जानेवारी, संध्याकाळी

विहीणबाई,

पंधराचा लावू नका.

सकाळी लिहिलं आणि दिवसभर कामात लक्ष नाही. भट्टीवर एक पंखा वाकडा झाला. गोदू म्हणाली, जेवत का नाही. आता लिहितो, मग जेवतो.

पंख्यावरचा आकडा म्हणजे काय, तर पंखा एकदा फिरला की पाण्यातनं किती इंच पुढे सरकणार, तो. तो त्याचा घास समजा. पंधराचा घास मोठा. सरळ लांब खाडी असेल, मागे कोणी नसेल, तर इंजिन हळूहळू तो घास चावतं आणि मग बोट पळते, पळते म्हणजे खरंच पळते. पण खदानीच्या तळ्यात काय आहे? दोन ड्रम. एका ड्रमला वळसा, जराशी सरळ, परत दुसऱ्या ड्रमला वळसा. वळताना बोट मरते. मेलेली बोट परत उचलायची, ही सगळी शर्यत. तिथे इंजिनाच्या तोंडात पंधराचा घास कोंबलात तर ते चावेपर्यंत पुढचा ड्रम येतो. पळायची वेळच येत नाही.

तुमचं इंजिन चाळीस घोड्यांचं, जुनं. त्याला अकराचा द्या. घास लहान, गिळतं पटकन, वळणातनं बाहेर पडली की उडी मारेल. सरळीत थोडी मागे राहील, राहू दे. नऊचा पण लावू नका, मग गिळायला काही नसतं आणि इंजिन नुसतं किंचाळतं, शेवटी जळतं.

मी ह्या पैजेत तुमच्या विरुद्ध आहे हे मला ठाऊक आहे. पण माझ्या दुकानातनं चुकीचा पंखा गेला तर लोक आण्णाच्या पंख्याला नावं ठेवतात, विहीणबाईला नाही.

अकराचा पण अल्पेशकडे देतोय. दोन्ही घ्या. एक वापस करा.

आण्णा


चामटोली
६ जानेवारी

व्याहीबुवा,

काय हो हे! सकाळी एक, संध्याकाळी एक. आमच्या ह्यांनी सुद्धा मला एका दिवसात दोन पत्रं लिहिली नव्हती. गोदूबाईंना सांगू का?

घासाची गोष्ट वाचून मजा आली. अल्पेशला मोठ्याने वाचून दाखवली, तो म्हणाला, "मामी, एकदम बरोबर बोललेत." मी म्हटलं, गप रे. चौथीपर्यंत शिकले म्हणून मी काय दूधपिती आहे? विरोधी पार्टीचा माणूस सकाळी म्हणतो पंधराचा घे, संध्याकाळी म्हणतो अकराचा घे. म्हणजे काय? म्हणजे तिकडे बसून हसतोय. दिवसभर विचार केलात आणि लक्षात आलं, अरे, पंधरा लावला तर ही बाई खरंच जिंकेल! म्हणून मग रडगाणं, भट्टी, वाकडा पंखा, जेवलो नाही. अहो, मी चामटोलीत बाजार करते. "वैनी, ही कोथिंबीर घेऊ नका, ती घ्या," असं कोणी म्हटलं की मी पहिलीच घेते.

मोठा पंखा, मोठी उडी. सरळ हिशेब. पंधराच लावतेय. अकराचा अल्पेशबरोबर वापस पाठवलाय. उद्या तळ्यावर ट्राय घेणार.

फोटोचं काय ते फायनल करून ठेवा, पण तुमचाच. मिशीला ह्या वेळी कुंकू लावू म्हणतेय.

तुमची,
बॅनरवाली


उल्हासनगर, कॅम्प ५
७ जानेवारी

मर्जी.

अकराचा विकलेला नाही. वेगळा ठेवलाय.

आण्णा


चामटोली
११ जानेवारी

व्याहीबुवा,

हसू नका. आधी पूर्ण वाचा, मग पाहिजे तेवढं हसा. दुकानाचं शटर खाली घेऊन हसा, नाहीतर शेजारचा सिंधी विचारेल.

ट्राय घेतली. पंधराचा लावून अल्पेशने बोट सोडली. पहिल्या ड्रमपर्यंत मी काठावर टाळ्या वाजवत होते. मग वळला. वळला आणि बोट बसली हो! आमची म्हैस नदीतनं उठायला मागत नाही ना, शेपटीला धरून ढकलावं लागतं, तशी. इंजिन नुसतं घुर्रर घुर्रर, पाणी मागे उकळतंय, बोट जागच्या जागी. जरा उचलली म्हणेस्तोवर दुसरा ड्रम. परत म्हैस. काठावर दोन बाया कपडे धूत होत्या, त्या म्हणाल्या, "ताई, ह्याला धक्का मारायचा असतो का?"

अल्पेश वर आला तो माझ्याकडे बघेचना. म्हटलं, बोल. तर म्हणतो, "मामी, घास."

मी घरी आले आणि गोठ्याजवळ बसून राहिले. राग आला, पण पंख्याचा नाही, तुमचाही नाही. तुम्ही खरं बोललात ह्याचा राग आला. माणूस रुसलेला, शपथ घेतलेला, पैजेत समोर उभा, आणि खरं सांगतो. असं कोण करतं? मला सवय नाही हो असल्या माणसांची.

एक विचारते. आमचे हे दरसाल त्या शर्यतीत उतरायचे आणि मागनं दुसरे यायचे. मागनं पहिलेही कधी नाही, मागनं दुसरे. तेराचा पंखा होता. त्याच्यामुळे का?

अकराचा पाठवून द्या. चूक झाली म्हणत नाही, ते बॅनरवर म्हणायचं ठरलंय.

सगुणा


उल्हासनगर, कॅम्प ५
१३ जानेवारी

विहीणबाई,

हसलो. शटर खाली घेऊन. सिंध्याने विचारलंच.

अकराचा पाठवतोय. पात्यांच्या कडा जरा आत वळवल्यात, त्याने वळणावर पंखा हवा खाणार नाही, पाणी धरून ठेवेल. फिट केल्यावर अल्पेशला सांगा, आकडे-बिकडे बघू नको, कान लाव. पूर्ण सोडल्यावर इंजिन मोकळं गायलं पाहिजे. दम लागल्यासारखं वाटलं तर घास मोठा. किंचाळलं तर लहान. ओझं पण कमी करा, डिझेलचा कॅन, नांगर, तुमच्या घरच्या गोण्या, जे काय आत असेल ते काढा.

हरिचंद्रभाऊंचं विचारलंत. हो, तेरामुळेच. ते खाडीतले गडी, सरळ जाणारे. मी काठावर उभा राहून दरसाल बघायचो आणि मनात म्हणायचो, ह्यांना कोणीतरी सांगा. ते विचारायला आले नाहीत, मी सांगायला गेलो नाही. तेव्हा आपण व्याही पण नव्हतो. आता वाटतं, जायला पाहिजे होतं.

आमच्या बोटीला पण अकराचाच लावतोय. आमचं इंजिन नवं आहे, तेव्हा तुम्ही हराल. पण बरोबरीच्या पंख्याने हराल, ते बरं.

तेजलची तब्येत चांगली. काल तिने सुकटीची चटणी मागितली. दिली.

आण्णा


चामटोली
१६ जानेवारी

व्याहीबुवा,

बोलत नाही बोलत नाही म्हणता आणि दोन पानं लिहिता. शपथेपेक्षा महाग पडतंय हे.

अकराचा लावला. काय सांगू! वळणातनं बाहेर पडली ती अशी, की अल्पेशची टोपी तळ्यात. तो टोपी काढायला गेला, मी काठावर नाचले. कपडे धुणाऱ्या बायांना म्हटलं, "आता मारा धक्का!"

ह्यांच्याबद्दल लिहिलंत ते कोणाला वाचून दाखवलं नाही. माझ्यापाशीच ठेवलंय.

काल करीच्या दिवशी जावईबापू येऊन गेले. तुम्ही त्यांना यायला बंदी केली नाहीत, ते बरं केलंत. कोंबडी केली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. मानाने पाटावर बसवलं, ओवाळलं, गप्पा मारल्या. किती गुणाचा मुलगा हो! भाकऱ्या मोजल्या नाहीत मी, पण टोपली रिकामी. मला त्या बोटीच्या रीलबिल दाखवल्या मोबाइलवर. मी म्हटलं, बापू, हिरो दिसता.

तुमची बोट पण अकराची म्हणता? वा. मग तर मी मेलेच की. तुमचं इंजिन नवं. बॅनरसाठी साडी कुठली नेसू सांगा, निळी की जांभळी? झोपेतल्या फोटोत मॅक्सी आहे, शोभत नाही.

सगुणा


उल्हासनगर, कॅम्प ५
२० जानेवारी

विहीणबाई,

घरात भांडण झालं. तुम्हाला का लिहितो कळत नाही, पण लिहितो.

विनीत म्हणतो तेराचा लावणार. मी म्हटलं, अरे, अकरा. का, ते पण समजावलं, तुम्हाला समजावलं तसंच, घास, वळण, सगळं. तो म्हणतो, पप्पा, वळणाचा व्हिडिओ कोण बघतो? सरळीत बोट सुसाट गेली पाहिजे, पाण्याचा पडदा उडाला पाहिजे, लोकांनी मोबाइल वर केले पाहिजेत. मी म्हटलं, शर्यत जिंकायची की सिनेमा काढायचा? तर म्हणतो, तुमचा जमाना वेगळा होता.

लहानपणापासून ह्या भट्टीजवळ बसलेला मुलगा आहे. पंखा हातात घेतला तर डोळे मिटून आकडा सांगतो. गेल्या आठवड्यापर्यंत अकराला तयार होता. अचानक कुठनं हे खूळ शिरलं?

त्याने स्वतःच तेराचा बसवला. मी काढला नाही. काढला असता तर तो शर्यतीला आला नसता.

साडी कुठली पण नेसा.

आण्णा


चामटोली
२२ जानेवारी

व्याहीबुवा,

अहो, जाऊ द्या. पोरं आहेत. आजकाल मोबाइल सांगेल तसं चालतात. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, आणि जेवा. गोदूबाई सांगत होत्या, दोन दिवस फक्त ताक पिताय.

तेराने पण जिंकतात हो कधी कधी. नवं इंजिन आहे तुमचं.

जांभळी नेसते.

सगुणा


चामटोली
२७ जानेवारी

व्याहीबुवा!

आता लिहितेच, कारण तुम्ही काल पाठ फिरवून निघून गेलात आणि माझ्या तोंडून शर्यत ऐकली नाहीत. आमच्या गावात सगळ्यांना सांगून झाली. तुम्ही तेवढे राहिलात.

झेंडावंदन झालं, शिट्टी वाजली, आठ बोटी सुटल्या. पहिल्या सरळीत जावईबापू सगळ्यांच्या पुढे. काय दिसत होते! पाण्याचा पडदा, काठावर मोबाइलच मोबाइल. माझ्या शेजारचा माणूस ओरडला, "गेला, गेला, विमान गेलं!" तुम्ही पलीकडच्या दगडावर उभे होतात, हाताची घडी घालून. तुम्ही ओरडला नाहीत. तुमचं लक्ष ड्रमवर होतं, माझंही.

ड्रम आला. विमान खाली बसलं. आणि आमचा अल्पेश आतनं, ड्रमला घासून, टुण्णकन उडाला. परत सरळी, परत बापू पुढे. परत ड्रम, परत अल्पेश पुढे. असं करत करत सगळ्या फेऱ्या. माझा गळा बसला. जांभळी साडी गुडघ्यापर्यंत भिजली, कधी पाण्यात उतरले कळलं नाही. शेवटच्या ड्रमनंतर अल्पेश जो बाहेर पडला तो पडलाच. बापूंची बोट उचलायला लागली तेव्हा अल्पेशने शेवटची दोरी ओलांडली होती.

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पाण्याकडे बघत होतात. मला वाटलं होतं मी नाचेन. ओल्या निऱ्या पिळत बसले.

नंबर पहिला नाही आला, बदलापूरची एक बोट पुढे होती. पण पैज आपली-तुपली. आमचे हे वरनं बघत असतील तर म्हणाले असतील, मागनं दुसरी नाही आली, ह्या वर्षी पुढनं दुसरी आली.

पाळण्याला पाय लागतो तो लागतो. शब्द दिलाय तुम्ही. कधी येताय?

सगुणा


उल्हासनगर, कॅम्प ५
३ फेब्रुवारी

विहीणबाई,

काल तेजलला आणून सोडलं. निघताना तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "जा पोरी." दोनदा म्हटलं.

तुमच्या ओटीवर बसलो, पाणी प्यालो, चहा प्यालो, बोललो नाही. तुम्ही पण छळलं नाहीत. मला वाटलं होतं दारात बॅनर असेल. नव्हता. रांगोळी होती. ह्याने माणूस जास्त घाबरतो.

जाताना पाळणा बघितला. त्याची एक कडी सैल आहे. अल्पेशला सांगा, नट मोठा लावायचा. नाहीतर मी पाठवतो.

आता जे लिहायला बसलो ते. शर्यत हरल्याचं दुःख नाही. दुःख हे की माझ्या भट्टीजवळ वाढलेल्या मुलाने माझं ऐकलं नाही. आणि जिच्याशी मी बोलत नाही, जिने माझी मिशी नाक्यावर टांगली, तिने ऐकलं. आधी नाही ऐकलंत, पण मग ऐकलंत. म्हैस बघून का होईना. आयुष्यभर लोकांना पंखे देतोय, लोक पैसे देतात आणि आपल्या मनाचंच करतात. तुम्ही कान लावलात. त्या दिवशी दगडावर उभा राहून तुमच्या बोटीचा आवाज ऐकला. मोकळी गात होती. हरताना सुद्धा बरं वाटलं, ते इतरांना सांगता येत नाही.

विनीतशी अजून नीट बोलत नाही मी. तो जेवायला बसला की मी उठतो.

पुढच्या रविवारी कार्ल्याला आईच्या डोंगरावर जातोय. नारळ ठेवून शपथ सोडवून घेणार. बारशाला आलो की बोलेन. तुम्ही सरळ बाई आहात, विहीणबाई. जिभेने वाकड्या, मनाने सरळ. हे मला उशिरा कळलं.

आण्णा


चामटोली
४ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

कडीला मोठा नट लावला. तेजल झोपलीय, आता उठेल आणि परत सुकट मागेल. तुमच्याकडनं सवय लागलीय तिला, निस्तरा तुम्ही.

एवढं चांगलं कशाला लिहिलंत हो? शिव्या घातल्या असत्या तर मी मजेत राहिले असते. 'जिंकली बाई, ठग बाई' असं काहीतरी. तर तुम्ही लिहिता सरळ बाई. पत्र वाचलं आणि भाकरी करपली. तेजल म्हणाली, "आई, काय झालं?" मी म्हटलं, धूर गेला डोळ्यात. गॅसवर करते मी भाकरी, तिला काय समजायचं ते समजली.

मी परवा ओटीवर छळलं नाही त्याचं कारण रांगोळी नाही. तुम्ही चहाची बशी दोन्ही हातांनी धरून बसला होतात, आणि मला तोंड वर करून बघवत नव्हतं.

रविवारी डोंगर चढायच्या आधी हे वाचा. म्हणजे शपथ सोडवायची की नवी घ्यायची, ते एकाच नारळात ठरेल. दोनदा चढायचं वय नाही तुमचं.

तुमचं पत्र आलं होतं, आमच्या बोटीला पण अकराच, आमचं इंजिन नवं, तुम्ही हराल. ते वाचून मी पाळण्याकडे बघितलं. मग दोनच दिवसांनी करीचं जेवण. पाट, ओवाळणं, कोंबडी. हे सगळं तुम्हाला लिहिलं होतं मी. काय बोलले ते लिहिलं नव्हतं.

विनीतशी जेवा. त्याचं पान वाढलं की तुम्ही बसा. तो खोटं बोलला नाही तुमच्याशी, त्याने नाव सांगितलं नाही एवढंच, कारण सासूने मानाने पाटावर बसवून सांगितलेली गोष्ट जावई बापाकडे जाऊन सांगत नाही, एवढा गुणाचा आहे तो. तुमचंच वळण आहे. त्याने तुमचं ऐकायचं सोडलं नव्हतं. त्या दिवशी त्याने माझं ऐकलं.

तेजलला वापस न्यायला आलात तर पाठवेन. रडेन, पण पाठवेन. पैज मोडली म्हणा, बॅनर लावा, झोपेतला फोटो लावा, मॅक्सीतला. दहा बाय वीस कमी पडेल, मोठा करा.

तुम्ही मला खरा पंखा दिलात आणि मी तुमच्या पोराला खोटा दिला. जावईबापू, तेराचाच लावा, अकराचा म्हाताऱ्यांचा पंखा, असं मीच त्याला म्हटलं.

सगुणा